जुन्या गाडीतील खर्ज

ज्या पिढीने संगीत ट्रान्झिस्टरच्या तळहाताएवढ्या कर्ण्यातून ऐकले, आणि त्या ऐकण्यावरच आपली सारी रसिकता पोसली, तिला डग्ग्याचा नाद ठाऊक नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारण तो नाद आपण ऐकत आहोत अशी तिची निःशंक खात्री होती. वस्तुतः त्या चिमुकल्या कर्ण्याच्या अंगी ७०-८० हर्ट्झचा मंद्र नाद हवेत उतरविण्याचे सामर्थ्यच नव्हते. बाहेर पडत ते त्या नादाचे वरचे उपस्वर, आणि त्या उपस्वरांमधील नियमित अंतरावरून तळाचा मूळ स्वर कोणता असावा याचे अनुमान करून आपला मेंदू तो स्वतःच रचून घेई. टेलिफोनच्या जुन्या तारेतून ३०० हर्ट्झच्या खालचे जवळजवळ काहीच जात नसे, पुरुषाच्या कंठाचा मूळ स्वर तर बहुधा शंभर-सव्वाशेच्या घरात असतो, आणि तरीही पलीकडून बोलणारे वडील आपल्याला वडिलांच्याच आवाजात बोलताना ऐकू येत, त्याचे कारण हेच. ऑगस्ट झेबेक या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास छिद्रे पाडलेल्या फिरत्या चकतीच्या साहाय्याने या अनुपस्थित मूळ स्वराचा शोध घेतला होता. कानाची ही उदारता थोर आहे, आणि तिच्या आधारावर आपण कित्येक दशके सुखाने गाणे ऐकले. परंतु अनुमानाने मिळालेला खर्ज केवळ कानाचा असतो, तो छातीला लागत नाही, आसनाच्या पाठीतून मणक्यापर्यंत पोहोचत नाही, आणि तबल्याच्या जोडीतील डावा हात ज्या भूमीवर उजव्याला खेळू देतो ती भूमी त्यात नसते. ती भूमी वीस वर्षांच्या जुन्या गाडीत, बेताच्या पैशांत, परत मिळविता येईल काय, हा विचार माझ्या मनात बरेच दिवस घोळत होता.

गाडी मारुती एस्टीम, २००४ सालची. पंधरा वर्षे उलटल्यावर परिवहन कार्यालयात पुनर्नोंदणी करून आणि पर्यावरण कराची रक्कम भरून तिच्या वास्तव्याची मुदत वाढवून घेतलेली. तिचे इंजिन अद्याप निरोगी आहे, डिक्की प्रशस्त आहे, आणि अमरावतीहून अकोल्याला महिन्यातून दोन-तीन वेळा जावे लागणाऱ्या माणसाला ती कोणत्याही बाबतीत उणी पडत नाही. उणे होते ते फक्त तिचे गायन. दारांतील स्पीकर मध्यसप्तकापर्यंत प्रामाणिकपणे बोलत, त्याखाली मुके होत. नवी गाडी घ्या, तिच्यात सर्व काही येते, असा सल्ला पुष्कळांनी दिला. परंतु ज्या वस्तूने आपली दीर्घ काळ चाकरी केली तिच्या एका न्यूनासाठी तिला बडतर्फ करणे माझ्या स्वभावात बसत नाही. घरच्या जमाखर्चात दहा हजार रुपयांची तरतूद झाली, आणि त्या मर्यादेच्या आत सारा बंदोबस्त करावयाचा असे ठरले. मर्यादा आधी ठरली ही गोष्ट मी भाग्याची समजतो, कारण या व्यवहारात पैसा मोकळा सुटला की विवेकही त्याच्यामागून मोकळा सुटतो.

अमरावती-अकोला हा सुमारे शंभर किलोमीटरचा मार्ग गाणे ऐकण्याच्या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगा आहे. बडनेरा मागे पडले की लोणी, माना, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू अशी गावे येतात, दोहो बाजूंस कपाशी आणि तुरीची काळी शेते पसरलेली असतात. हाच मार्ग एके काळी खड्ड्यांसाठी अपकीर्त होता. मग जून २०२२ मध्ये लोणी आणि माना यांच्या दरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी काँक्रीटचा एक पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंडपणे अंथरला गेला, आणि कतारमधील दोहा येथील आधीचा २५ किलोमीटरचा विक्रम मोडून त्याची नोंद गिनेसच्या पुस्तकात झाली. भर उन्हाळ्यात रात्रंदिवस पाळ्या लावून तापलेल्या डांबराच्या वाफेत उभ्या राहिलेल्या त्या शेकडो मजुरांचे ऋण गाडीत बसून गाणे ऐकणाऱ्याने विशेषत्वाने मानले पाहिजे. कारण टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातून उठणारी घरघर ही मुख्यतः खालच्या पट्टीची असते, आणि खालच्या पट्टीची घरघर खालच्याच पट्टीचा नाद गिळते. याला आच्छादन म्हणतात: जो आवाज ज्या पट्टीत मोठा, तो त्या पट्टीतील लहान आवाजाला झाकून टाकतो. गायकाचा कंठ, संवादिनी, तबल्याची चाट ही सारी त्या घरघरीच्या वर तरंगत राहतात, बुडतो तो फक्त डग्गा. म्हणून चालत्या गाडीतील संगीत तळ नसलेले वाटते, आणि आपण आवाज वाढवितो तेव्हा वाढते ते वरचे, जे आधीच पुरेसे होते. रस्ता सुधारला आणि घरघर उतरली, तरी ती नाहीशी झाली नाही. जेवढी उरली तेवढीच्या वर डग्ग्याला उचलून धरावयाचे, एवढेच या योजनेचे प्रयोजन होते.

मूर्तिजापूर आले की माझ्या मनात डॉ. वसंतराव देशपांडे हटकून येतात. १९२० साली त्यांचा जन्म या गावी झाला, आणि शकुंतला रेल्वेच्या अरुंद रुळांनी एके काळी यवतमाळ व अचलपूर यांना जोडणाऱ्या या जंक्शनच्या गावाने मराठी संगीताला केवढे देणे दिले, याची खूण तेथून भरधाव जाणाऱ्या कोणालाही दिसत नाही. वसंतरावांचे गाणे मी या रस्त्यावर नेहमी ऐकतो. त्यांच्या तानेची चपळाई ज्या ठेक्यावर आरूढ होऊन चालते तो ठेका केवळ टिचक्यांच्या रूपाने ऐकू यावा, आणि त्यांच्याच गावाच्या वेशीवर तसा यावा, हे मला अनुचित वाटे. तंबोऱ्याविषयीही तेच. काळी एकच्या पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते. ती बरीचशी आपल्या उपस्वरांतूनच प्रकट होते हे खरे. तथापि मूळ स्वराचा जो थोडका अंश तिच्यात असतो तो मिळाला म्हणजे गाण्याच्या भोवतालची हवा बदलते.

अकोल्यात एका कारागिराची कीर्ती ऐकली होती. जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्याचे आयुष्य गेलेले. दुकान म्हणावे तर एक पत्र्याची शेड, तीत उघडलेले डेक, कोन फाटलेले स्पीकर, मॅग्नेटला चिकटलेले पेचकस. माझे सारे निवेदन त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला: “गाडीले बेस पायजे का गल्लीले, ते आंधी सांगा भाऊ, मंग पैशाचं बोलू.” या विषयावर पुढे मी जे काही वाचले आणि ऐकले त्यात या प्रश्नाहून मर्मग्राही असे मला काही आढळले नाही. गल्लीला बेस देणाऱ्या गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांच्या आगमनाने खिडक्यांची तावदाने कापतात, आजाऱ्याची झोप मोडते, आणि त्या निघून गेल्यावर कोणते गाणे चालले होते हे कोणालाही सांगता येत नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. परंतु ही मोजणी मानवी कानाच्या संवेदनशीलतेशी जुळविलेल्या ‘ए’ मापाने होते, आणि त्या मापात ६३ हर्ट्झच्या नादातून सुमारे २६ डेसिबल वजा धरले जातात. त्यातच भिंतींचा धर्म असा की त्या वरच्या पट्टीचा आवाज अडवितात आणि खालच्या पट्टीचा जाऊ देतात. म्हणजे ज्या धडधडीने शेजारच्या घरातील वृद्धेचे काळीज हलते ती कायद्याच्या कागदावर मात्र क्षुल्लक दिसू शकते. जेथे कायद्याचे माप अपुरे पडते तेथे सभ्यतेचे माप लागू झाले पाहिजे, आणि ते माप लागू करण्याची जबाबदारी खर्ज हवा असणाऱ्यावरच येते, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडीला हवा आहे, असे मी सांगितले. “मंग दहा इंची एकच, अन् पेटी बंद,” एवढा निकाल देऊन तो कामाला लागला.

या निकालामागे असलेले शास्त्र मला नंतर उमगले, आणि ते मितव्ययी माणसाला फार अनुकूल आहे. ४० हर्ट्झच्या नादाची एक लाट हवेत सुमारे साडेआठ मीटर लांब असते. मोठ्या दालनात तिला खेळवावयाचे तर हवेचा प्रचंड साठा हलवावा लागतो. परंतु मोटारीचा अंतर्भाग अडीच मीटरच्या आसपास, म्हणजे लाटेहून पुष्कळच आखूड, आणि जेथे लाट मावत नाही तेथे ती लाटेसारखी वागतही नाही: कोन पुढे सरकला की बंद गाडीतील सर्व हवेचा दाब एकदम वाढतो, मागे सरला की एकदम उतरतो. परिणामतः साधारण ७० हर्ट्झच्या खाली जसजसे उतरावे तसतशी गाडी स्वतःच नादाला बळ देऊ लागते. सिद्धान्ततः प्रत्येक सप्तकामागे १२ डेसिबल. योगायोग असा की हवाबंद पेटीतील वूफर आपल्या शक्तीच्या सीमेखाली नेमक्या याच प्रमाणात, सप्तकामागे १२ डेसिबलने, क्षीण होत जातो. एकाचा उतार आणि दुसरीचा चढ परस्परांना भरून काढतात, आणि जे यंत्र दिवाणखान्यात दुबळे ठरले असते ते एस्टीमच्या डिक्कीत समर्थ ठरते. प्रत्यक्षात गाडी कोठे ना कोठे गळते, विशेषतः जुनी गाडी, म्हणून हा लाभ पूर्ण पदरात पडत नाही. त्यावर उपाय अल्पमोली आहे: दारांची वाळून कडक झालेली रबरी बीडिंग बदलून टाकावी. हे काम मी वूफर घेण्यापूर्वीच उरकून घेतले, आणि केवळ तेवढ्यानेच रस्त्याची घरघर खाली आल्याचे प्रत्ययास आले.

बंद पेटीची कथाही ऐकण्यासारखी आहे. विजेच्या प्रवाहाने चुंबकाच्या फटीत गुंडाळीला हालवून कागदी कोनाकरवी हवा ढकलण्याची युक्ती १९२५ मध्ये अमेरिकेतील राइस आणि केलॉग यांनी सिद्ध केली, आणि शंभर वर्षांत तिचे मूळ तत्त्व बदललेले नाही. परंतु तीस वर्षेपर्यंत लोकांची समजूत अशी होती की खोल नाद हवा तर कपाटाएवढी पेटी हवीच. १९५४ साली एडगर व्हिल्चर याने ती समजूत मोडून काढली. त्याने कोनाची किनार मुद्दाम सैल ठेवली, पेटी लहान आणि हवाबंद केली, आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम सोपविले; एआर-१ या नावाने निघालेला तो लहानसा स्पीकर मोठमोठ्या कपाटांना भारी ठरला. पुढे काही वर्षांनी हॉफमन नावाच्या अभियंत्याने, जो योसेफ हॉफमन या विख्यात पियानोवादकाचा पुत्र होता, या सर्व व्यवहाराचा एक कठोर नियम सांगितला: खोल नाद, लहान पेटी आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तीन मागण्यांपैकी दोनच मान्य होतील, तिसरी सोडावी लागेल. मी आवाजाचा मोठेपणा सोडला. पहिल्या दोन मागण्या माझ्या डिक्कीशी आणि माझ्या अभिरुचीशी जुळणाऱ्या होत्या, आणि तिसरीची गरज गल्लीला असते, गाडीला नसते. बाजारात सर्वत्र लटकलेल्या बेसट्यूबा मी नाकारल्या त्याही याच विचाराने. भोके ठेवलेली ती नळकांडी थोड्या विजेत मोठा हुंकार देतात. परंतु पुष्कळदा त्यांचा हुंकार एकाच सुराचा असतो, डग्ग्यावरची मींड असो वा ढोलाचा ठोका, त्या सर्वांना एकाच सुरात गुंडाळतात.

वूफरची निवड करताना एका ऑस्ट्रेलियन गृहस्थाचे स्मरण ठेवावे. नेव्हिल थील याने १९६१ मध्ये एक निबंध लिहून दाखवून दिले की कोनाची स्वाभाविक कंपनसंख्या, त्याची आवरशक्ती आणि त्याच्या लवचिकतेशी तुल्य असे हवेचे आकारमान, एवढे काही आकडे हाती असले तर कोणत्या पेटीत तो कसा वाजेल हे सुतार बोलावण्यापूर्वीच कागदावर मांडता येते. तो निबंध दहा वर्षे जवळपास अलक्षित राहिला. १९७१ मध्ये तो अमेरिकेत पुनर्मुद्रित झाला आणि रिचर्ड स्मॉल याने त्याचा विस्तार केला, तेव्हा कोठे जगाचे लक्ष तिकडे वळले. आज ज्या खोक्यावर हे आकडे छापलेले असतात तो वूफर साधा असला तरी विश्वासार्ह असतो. ज्यावर फक्त ‘पीएमपीओ’चे हजारो वॉट मिरविलेले असतात त्याच्या वाटेस जाऊ नये, कारण क्षणार्धाच्या कमाल उसळीचा तो आकडा कशालाच बांधील नसतो. विचारावयाचे ते आरएमएस वॉट, म्हणजे जे सतत मिळतात. मला दीडशे पुरले. ॲम्प्लिफायर जुना घेतला: चांगल्या बनावटीचे, एकाने वापरून काढून टाकलेले उपकरण हे फुगविलेल्या आकड्यांच्या नव्या उपकरणाहून केव्हाही श्रेयस्कर, आणि या खरेदीत तरतुदीतील मोठा वाटा वाचला.

पेटी अमरावतीस माझ्या परिचयाच्या सुताराने केली. १८ मिलिमीटरचा प्लाय, आतून ३६, ३० आणि १९ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे वीस लिटर हवा. प्रत्येक सांध्यात सरस आणि स्क्रू दोन्ही, मग आतून लांबी भरून कोपरे बुजविलेले, कारण या पेटीतून सुईच्या अग्राएवढी हवा निसटली तरी ती फुसफुसते आणि व्हिल्चरची सारी विद्या व्यर्थ जाते. आत काहीतरी तंतुमय भरावयाचे असते. दुकानात त्यासाठी उशांत घालतात तसला कृत्रिम तंतू मिळतो. परंतु ज्या प्रांतातील कापसासाठी परक्या सरकारने रेल्वे आणली, ज्याच्या गाठी बडनेऱ्यावरून आणि खामगावच्या फाट्यावरून मुंबईच्या धक्क्याला आणि तेथून मँचेस्टरला गेल्या, त्या वऱ्हाडात राहून मी पेटीत दुसरे काही भरणे शक्य नव्हते. जुन्या गादीतील कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून घेतला. पिंजाऱ्याच्या धनुष्याची ती लांब तात, तिच्यावर मुठीचा ठोका पडताच उठणारा तो घुमारा, हा माझ्या बालपणी उन्हाळ्याच्या दुपारी ऐकू येणारा पहिला खर्ज होता. आता गल्ल्यांतून त्याची हाक फारशी ऐकू येत नाही, आणि मशीनवर पिंजणारी दुकाने मुकी असतात. तंतूंचे कार्य मोठे रमणीय आहे. हवा दाबली की तापते आणि तापली की अधिक ताठरते. कापसाचे असंख्य तंतू ती उष्णता त्या त्या क्षणी शोषून घेतात आणि परत करतात, म्हणून हवा मऊ राहते आणि कोनाला पेटी आहे त्याहून मोठी भासते. लाभ थोडाच, परंतु वीस लिटरांत चार लिटरांची भर जरी पडली तरी ती घरच्या कापसाने घातलेली.

विजेच्या बाबतीत काटकसर करू नये, एवढे एकच विधान मी या प्रकरणात हुकमाच्या स्वरात करीन. दीडशे वॉटसाठी ॲम्प्लिफायर भर ठोक्यावर सुमारे चौदा अँपिअर मागतो. गाडीचे दोन हेडलाइट मिळून नऊ-दहा मागतात. संगीताची सरासरी मागणी ठोक्याच्या मागणीच्या एक-तृतीयांशही नसते, त्यामुळे जुन्या अल्टरनेटरवर हा बोजा जाचक होत नाही. परंतु बॅटरीपासून डिक्कीपर्यंत जाणारी तार पुरेशी जाड, आणि शुद्ध तांब्याची, असलीच पाहिजे. बाजारात स्वस्त मिळणारी पुष्कळशी तार ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, आणि ॲल्युमिनियम तांब्याच्या सुमारे साठ टक्केच वीज वाहते. चाकूने एक तंतू खरवडून पाहावा. आत पांढरे दिसले तर दुकानाबाहेर पडावे. फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत, कारण तो ॲम्प्लिफायरच्या रक्षणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो. वीस वर्षांच्या गाडीत कोणत्या पत्र्याची धार कोणत्या तारेचे आवरण केव्हा कापील याचा नेम नाही, आणि फ्यूज दूर असला तर मधली सारी तार पेटती वात होते. अर्थिंगची तार आखूड. तिच्या जागेचा रंग घासून काढून उघड्या लोखंडावर आवळलेली. गाण्याची तार गाडीच्या एका कुशीने, विजेची दुसऱ्या कुशीने, नाहीतर इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी अल्टरनेटरची शीळ गाण्यात शिरते. जुन्या डेकला वेगळे आउटपुट नव्हते, म्हणून मागील स्पीकरच्या तारांवरूनच संकेत घेण्याची सोय असलेला ॲम्प्लिफायर पाहून घेतला होता, आणि डेक बदलण्याचा खर्च टळला.

पहिल्याच ठोक्याला नंबरप्लेट वाजली. मग डिक्कीचे झाकण, मग पार्सल ट्रे, मग स्पेअर चाकाशेजारचा जॅक. खर्जाने गाडीतील प्रत्येक सैल वस्तूची झडती घेतली, आणि कारागिराने एकेक आरोपी हुडकून त्याला फोमच्या पट्टीने अथवा डांबरी चादरीने स्वस्थ बसविले. पत्र्याला आतून चिकटविण्याची ही चादर डांबराची असते हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. जे द्रव्य लोणीपासून मान्यापर्यंत अंथरल्याने टायरची घरघर शमली, तेच डिक्कीच्या पत्र्यावर थापल्याने पत्र्याची शमली: कंपनाची ऊर्जा स्वतःत मुरवून तिची उष्णता करून टाकण्याचा डांबराचा गुण पत्र्यावर उपयोगी पडला.

आता ज्यांच्यासाठी हा खटाटोप मला विशेष सार्थ वाटतो त्यांच्याविषयी लिहितो. माझे थोरले मामा अकोल्यास असतात. तारुण्यात ते मृदंग वाजवीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी त्यांनी मोझरीला प्रत्यक्ष ऐकली, त्या एका तळहाताएवढ्या चर्माने हजारोंचा समुदाय कसा एका लयीत बांधला जाई हे ते आजही भारावून सांगतात, आणि गावच्या भजनी मंडळात मृदंगाच्या डाव्या पुडीला वाजविण्यापूर्वी भिजवलेली कणीक कशी लावावयाची, किती लावावयाची, हे त्यांनी मला लहानपणी शिकविले होते. कणकेच्या भाराने चर्माचे कंपन मंदावते आणि नाद खाली उतरतो; वूफरच्या जड कोनामागेही हेच गणित आहे. आपल्या वाद्यांतील या भाराचे मर्म जगापुढे प्रथम मांडले ते चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’मध्ये लिहिताना त्यांनी दाखविले की साध्या चर्माचे उपस्वर बेसूर असतात, परंतु मध्यभागी चढविलेल्या शाईच्या थरांमुळे ते एका स्वरमालिकेत येतात आणि चर्म गाऊ लागते. गावोगावच्या कारागिरांनी हे शतकानुशतके बोटांनी साधले होते. मामांचा कान आता थकला आहे. वयाचा पहिला घाला वरच्या पट्टीवर पडतो. स, श, त, फ ही व्यंजने तेथेच वसत असल्यामुळे शब्द विरघळतात, आणि गाणे त्यांना पुष्कळ वर्षे नुसता कल्लोळ वाटू लागले होते, म्हणून त्यांनी ते ऐकणेच सोडले होते. आवाज वाढविला की त्यांना तो बोचे. परंतु खालची पट्टी वार्धक्यातही बरीचशी शाबूत राहते, आणि तिचे ग्रहण कानाइतकेच अंगही करते. कर्णेंद्रिय जवळजवळ गमावलेल्या एव्हलिन ग्लेनी या स्कॉटिश तालवादिका रंगमंचावर अनवाणी उभ्या राहून वाजवितात, ते याच कारणाने.

वूफरचे मिश्रण बसविताना मी मामांना शेजारी बसवून बोरगाव मंजूपर्यंत नेले. ऐंशी हर्ट्झच्या वरचे वूफरला देऊ नये हा पाठ मी पाळला होता, कारण त्याखालच्या नादाची दिशा कानाला कळत नाही आणि डिक्कीतला डग्गा समोरच्या तबल्यापाशीच बसलेला वाटतो. त्यावर चढलो की तो मागे जाऊन बसतो. फेज उलटा करून पाहिला, एका बाजूला डग्गा भरीव झाला, तीच ठेवली. पातळी मात्र मी मामांवर सोपविली. ती वाढवीत गेलो तेव्हा त्यांनी हात वर करून थांबविले, किंचित खाली आणविली, मग डोळे मिटून मांडीवर बोटे ठेवली. विलंबित एकताल चालला होता. दोन आवर्तने ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या आवर्तनाच्या समेला त्यांची बोटे नेमकी पडली आणि ते म्हणाले, “आता सम कुठी पडली ते समजते, बापू. बोल नाही समजले तरी चालते.” त्यांनी ठरविलेली पातळी तीच कायम आहे. काचा बंद केल्यावर गाडीपासून दहा पावलांवर ती ऐकू येत नाही, हे मी उतरून पाहून घेतले.

उन्हाळ्याची तजवीज अद्याप राहिली आहे. अकोल्याचा मे महिना पुष्कळदा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, उन्हात उभ्या गाडीच्या पोटात तर पारा साठीच्या पुढे जातो. वीस अंशांवरून पंचेचाळीसवर गेले की तांब्याच्या गुंडाळीचा रोध दहाएक टक्क्यांनी वाढतो, म्हणजे त्याच विजेत नाद काहीसा क्षीण होतो, हे सोसण्याजोगे आहे. परंतु मागील आसनाच्या पाठीला टांगलेला ॲम्प्लिफायर कोंडला जाऊ नये म्हणून त्याच्या मागे दोन बोटे हवा खेळेल असे लाकडी ठोकळे बसवावयाचे आहेत, आणि गंजत चाललेले बॅटरीचे क्लँप बदलावयाचे आहेत. मंजूर रकमेतून सातशे-आठशे रुपये शिल्लक आहेत. ते या बाबींवर खर्ची पडतील, आणि होळीनंतरच्या पहिल्या अकोला-फेरीत कारागिराच्या शेडपाशी गाडी उभी करीन.